छापायचं काय, ते ठरवतंय कोण?

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता आमच्या कडेगावात आम्ही बारा-पंधरा जणी पुस्तक वाचायला जमतो. बचत गटाची मीटिंग आटोपली, की हप्त्यांची वही बाजूला ठेवायची. मग एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकता ऐकता कुणी शेंगा फोडते, कुणी मेथी निवडते, कुणाचा नातू मांडीवर झोपलेला असतो. वाचनाचं काम बहुतेक माझ्याकडेच असतं. मी बी.ए. मराठी, त्यामुळे ‘ताईंना चांगलं वाचता येतं’ असा सगळ्यांचा समज!

मागच्या वर्षीची गोष्ट. एक गाजलेली कौटुंबिक कादंबरी आम्ही वाचायला घेतली होती. मोठा वाडा, तीन पिढ्या, सासवा-सुना, दागिन्यांचा डबा, परदेशी गेलेला मुलगा... सगळ्याजणी अगदी रंगून गेल्या होत्या. चार गुरुवार झाले आणि पाचव्या गुरुवारी आमच्यातल्या एक मावशी मध्येच म्हणाल्या, “ताई, एक इचारू का? ह्या बुकात आमच्यातली एकच बाई आली. ती बी भांडी घासाय. आन तिला नाव बी न्हाई.”

मी पुस्तक खाली ठेवलं. खरंच नाव नव्हतं. ‘मोलकरीण’ एवढंच होतं. चार गुरुवार वाचताना माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मावशी मातंग समाजातल्या. वय साठीच्या पुढं, शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर लावून लावून वाचतात, पण ऐकलेलं एक वाक्य विसरत नाहीत. “आमच्या बाया बुकात निस्त्या भांडी घासाय आन शेण काढायलाच येत्यात व्हय?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. कुणीतरी विषय बदलला. चहा झाला. पण मैत्रिणींनो, तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणूनच आज हे लिहायला बसले आहे.

हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे एका चिमुरडीनं विचारला होता. अमेरिकेतल्या नॅन्सी लॅरिक नावाच्या लेखिकेनं १९६५ मध्ये मुलांच्या पुस्तकांवर एक लेख लिहिला. त्याची सुरुवातच एका पाच वर्षांच्या काळ्या मुलीच्या प्रश्नानं होते. चित्रांच्या पुस्तकात मुलं नेहमी गोरीच का असतात, असं तिनं विचारलं होतं. लॅरिकबाई नुसतं हळहळून थांबल्या नाहीत, त्यांनी मोजदाद केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ पुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत एखादं तरी काळं माणूस सापडलं. म्हणजे शंभरात सातसुद्धा नाहीत!

त्यानंतर तिथं बरंच पाणी वाहून गेलं. काळे लेखक गाजले, टोनी मॉरिसन यांना १९९३ मध्ये नोबेल मिळालं. तरी २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १९५० ते २०१८ या काळातल्या मोठ्या प्रकाशकांच्या हजारो इंग्रजी कादंबऱ्या-कथांचा हिशेब मांडला. त्यात सुमारे ९५ टक्के पुस्तकं गोऱ्या लेखकांची निघाली. त्याच वर्षी जून महिन्यात तिथल्या लेखकांनी आपल्याला पुस्तकासाठी आगाऊ किती पैसे मिळाले ते उघड सांगायला सुरुवात केली. तेव्हा कळलं, की नावाजलेल्या काळ्या लेखिकेला मिळतात त्याहून जास्त पैसे पहिलंच पुस्तक लिहिणाऱ्या गोऱ्या लेखकाला मिळू शकतात.

पण मला त्या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटला तो आकडा वेगळाच. ली अँड लो या प्रकाशनसंस्थेनं तिथल्या प्रकाशन व्यवसायात काम करणाऱ्यांची पाहणी केली. २०१९ च्या पाहणीत एकूण कर्मचाऱ्यांत गोरे ७६ टक्के होते, पण संपादन करणाऱ्यांत ८५ टक्के! म्हणजे लिहिणारा कुणीही असो, ‘हे छापा, हे नको’ म्हणणारा माणूस मात्र बहुतेक एकाच गटातला.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आपल्याला काय? आपल्याकडे कुठं गोरे-काळे? गोरे-काळे नाहीत, पण जात आहे. आणि जातीचा हिशेब आपल्याकडे मांडायचा म्हटलं, की सगळ्यांना एकदम अवघडल्यासारखं होतं. “साहित्यात कशाला आणता जात?” असं म्हटलं जातं. पण ती आणली कुणी, आणि कधी? जरा मागं जाऊन बघू या.

१८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध छापून आला. लिहिणारी मुलगी चौदा वर्षांची. नाव मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं होतं. धर्म आणि पेशवाईतले जुलूम यांवर या पोरीनं असे प्रश्न विचारलेत, की आजही वाचताना अंगावर काटा येतो. हा निबंध मी आमच्या गुरुवारच्या बैठकीत मुद्दाम वाचून दाखवला. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मग म्होरं काय लिवलं तिनं?”

पुढं काही नाही. मुक्ताचं तेवढं एकच लिखाण आपल्यापर्यंत आलं आहे. चौदाव्या वर्षी असं लिहिणारी मुलगी, तिच्या हातून पुढं काय काय झालं असतं!

आणखी एक गोष्ट बघा. ‘ज्ञानोदय’ चालवत होते अमेरिकन मिशनरी. आपल्या लेकीचं पहिलं लिखाण छापायला परक्या माणसांचं पत्र लागलं. पुढं १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. ते छापलं गेलं आणि नंतर जवळजवळ नव्वद वर्षं विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठं आपल्याला ताराबाई भेटल्या.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुले यांना पाठवलं. जोतीरावांनी उत्तर दिलं, की यायचं नाही. जे आम्हाला माणुसकीचे हक्क द्यायला उघडपणे तयार नाहीत, त्यांच्या सभेशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा मतलब. हे पत्र लिहिणारा माणूस काही पुस्तकांचा द्वेष्टा नव्हता. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ त्याच्या हातून लिहून झाले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. खुर्च्या कोण मांडणार आणि कोण कुठं बसणार हे तुम्हीच ठरवणार असाल, तर नुसत्या बोलावण्याला काय अर्थ?

आता आपल्या भागात येऊ. आमच्या शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी. नांगर आणि पंप तर तिथून गावोगाव गेलेच, पण तिथून मासिकंही निघत. १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथं ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. माझ्या सासूबाईंच्या पेटीत त्याचे जुने अंक अजून आहेत, कडा पिवळ्या पडलेले. बायकांच्या शिक्षणावर, लग्नाच्या वयावर, विधवांच्या जगण्यावर त्या काळात या मासिकानं लिहिलं. कितीतरी घरांतल्या बायका पहिल्यांदा लिहायला लागल्या त्या ‘स्त्री’मुळे. आपल्या कृष्णाकाठच्या मातीचा हा मोठेपणा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण ‘स्त्री’ म्हणजे कोणती स्त्री? सासूबाईंच्या पेटीतले अंक चाळताना मला दिसते ती बहुतेक घरात मासिक येणारी, शाळा शिकलेली, स्वयंपाकघर स्वतःचं असलेली बाई. तिच्या अंगणात काम करणारी बाई त्या पानांत क्वचितच बोलते.

ती बोलली, पण उशिरा. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १९२९ चा. लग्न तेराव्या वर्षी. नवऱ्याबरोबर फलटणला छोटंसं दुकान चालवायच्या. दुकानात पुड्या बांधायला जी रद्दी यायची, ती वाचून वाचून त्यांना वाचनाचा नाद लागला. आणि मग गिऱ्हाईक नसलेल्या वेळात दुकानातच बसून त्या लिहू लागल्या. महार समाजातल्या बायकांचं जगणं, उपास, मारझोड, देवदेवस्की आणि बाबासाहेबांच्या शब्दानं पेटून उठलेली माणसं. लिहिलेलं घरात दडवून ठेवायच्या, नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. थोडीथोडकी नव्हेत, वीस वर्षं!

त्या वह्या बाहेर कशा आल्या? फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकन विदुषी राहायला होत्या, भाषेचा अभ्यास करायला आलेल्या. त्यांच्या आग्रहामुळे बेबीताईंनी ते लिखाण बाहेर काढलं. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं, ते २००८ मध्ये निघालं आणि आज परदेशातल्या विद्यापीठांत ते शिकवतात.

मी स्वतःला विचारते, बर्नसनबाई फलटणला राहायला आल्याच नसत्या तर? मुक्ताच्या वेळीही अमेरिकन आणि सव्वाशे वर्षांनी बेबीताईंच्या वेळीही अमेरिकन! आपल्याच आळीतल्या बाईचं लिखाण वाचायला आपल्याला वेळ नव्हता. ‘स्त्री’नं छापलं हे त्या संपादकांचं मोठेपण खरंच. पण १९३० मध्ये निघालेल्या मासिकापर्यंत पोचायला बेबीताईंना १९८२ उजाडावं लागलं. आणि ज्या बायकांच्या वह्या अजून पत्र्याच्या पेटीत आहेत किंवा चुलीत गेल्या, त्यांचं काय?

तसं म्हटलं तर आपला सांगली जिल्हा या बाबतीत श्रीमंत. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं, वाटेगावहून मुंबईपर्यंत चालत गेलेले. त्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. आटपाडीचे शंकरराव खरात दलित समाजातले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. साठ-सत्तरच्या दशकांत दलित लेखकांनी आपली दारं आपणच बांधली. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’ चालवलं. पुण्यात विलास आणि उषा वाघ यांनी ‘सुगावा’ उभं केलं. ‘ग्रंथाली’नं १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ काढलं आणि मराठी वाचकाची झोपच उडवली. मागोमाग बायका आल्या. शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’, ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’. भटक्या समाजातून जनाबाई गिऱ्हे यांचं ‘मरणकळा’ आणि विमल मोरे यांचं ‘तीन दगडांची चूल’.

मग आता तक्रार कशाची? असं कुणीही विचारेल. इतकी नावं घेतली की!

तक्रार दोन गोष्टींची. पहिली, या बायकांकडून आपण एकच पुस्तक मागतो, तिच्या दुःखाचं! आत्मचरित्र लिहिलं की टाळ्या. पण तिनं विनोदी कथा लिहिली, रहस्यकथा लिहिली, पाककृतींचं पुस्तक लिहिलं, लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, तर? आम्हाला बी.ए.ला दलित साहित्यावर वेगळा प्रश्न असायचा. बाकीच्याला आम्ही नुसतं ‘साहित्य’ म्हणायचो. त्यातला फरक तेव्हा मला कळला नव्हता. आमच्या कडेगावचं मोहरम तर दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. गगनचुंबी ताबुतांच्या भेटी बघायला माणसं लोटतात आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघांचे मान आहेत. शेजारच्या भाभी आपल्यासारखंच मराठी बोलतात. पण रोजच्या घरगुती मराठी कथेत आपल्याला मुस्लिम बाई किती वेळा भेटते? शेवटी १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन वेगळं भरवावं लागलं.

दुसरी तक्रार ‘ठरवणाऱ्यां’ची. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनंच घ्या. आपल्या कराडला १९७५ मध्ये दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. २०२५ मध्ये दिल्लीला आपल्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर झाल्या. ऊर अगदी भरून आला! पण ९८ संमेलनांत बाया किती? सहा. आणि त्या सहांत दलित, आदिवासी, भटक्या किंवा मुस्लिम समाजातली एकही नाही. वर्तमानपत्रांचं आणि वाहिन्यांचं बघायचं तर २०१९ मध्ये ‘ऑक्सफॅम इंडिया’ आणि ‘न्यूजलाँड्री’ यांनी पाहणी केली होती. माध्यमांतल्या वरच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्च जातींतली माणसं होती. अनुसूचित जाती-जमातींतला एकही नव्हता. अशी मोजदाद मराठी पुस्तकांच्या प्रकाशकांनीही एकदा स्वतः होऊन करावी. हस्तलिखित पहिल्यांदा वाचतं कोण, ‘साभार परत’ लिहितं कोण, मुलांच्या पुस्तकातली चित्रं काढतं कोण?

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे, “आम्ही फक्त दर्जा बघतो.” बघा की! पण दर्जा म्हणजे काय हे ठरवणाऱ्याचे कान कोणत्या बोलीला सरावलेत, हेही बघायला नको का? ‘पाणी’ लिहिलं की शुद्ध आणि ‘पानी’ लिहिलं की अडाणी, हे आपण शाळेतच शिकलो. दुसरं उत्तर म्हणजे, “असली पुस्तकं खपत नाहीत.” त्यांनी ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाऊन बघावं. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं भाकरीच्या गठुड्यात पुस्तकं बांधून नेतात. तिथं मोठमोठ्या रांगांनी पुस्तकांचे स्टॉल लागतात. वाचक आहे, त्याच्यापर्यंत जायची वाट काहींना ठाऊक नाही एवढंच.

आणि एक अडचण तर कुणी बोलतच नाही, ती पैशाची. नव्या लेखकाचं पुस्तक काढायचं तर छपाईचा खर्च लेखकानंच द्यायचा, असं आज कितीतरी ठिकाणी चालतं. पेन्शन असलेले गुरुजी स्वतःच्या पैशानं कवितासंग्रह काढतात. रोजगारानं भांगलायला जाणारी बाई कुठून काढणार?

इथवर लिहिलं ते दुसऱ्यांबद्दल. आता माझ्याबद्दल लिहिते, कारण त्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

आमच्या महिला मंडळाला दहा वर्षं झाली, तेव्हा आम्ही स्मरणिका काढली होती. संपादक मीच. (दुसरं कोण असणार!) सगळ्याजणींना काहीतरी लिहून द्यायला सांगितलं होतं. मावशींनी नातीकडून चार पानं लिहून घेऊन दिली. त्यांची आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. वडील घायपाताचा वाख काढून दोर वळायचे. बेंदराच्या आधी पंधरा दिवस घरात झोप नसायची, कासरे आणि वेसणी वळायला. दिवाळीच्या आधी आईबरोबर डोक्यावर केरसुण्यांचा भारा घेऊन त्या गल्लोगल्ली हिंडायच्या. आणि मग एक वाक्य होतं. लक्ष्मीपूजनाला तुम्ही केरसुणीला हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यापुढं ठेवत होता आणि ती बांधणाऱ्या माझ्या आईला पायरीच्या खाली उभं करून वरनं पाणी वाढत होता. तुमची लक्ष्मी आमच्या हातनं जाते, पण आम्ही न्हाई.

मी काय केलं असेल? ‘न्हवं’चं ‘नव्हतं’ केलं. ‘वाख’ कुणाला कळणार नाही म्हणून ‘धागा’ केला. आणि ते वाक्य काढून टाकलं. मनात म्हटलं, उगीच जुन्या जखमा कशाला? मंडळातल्या थोरामोठ्या घरच्या बायकांना काय वाटेल? जाहिरात दिलेल्या दुकानदारांना काय वाटेल? लेखाला मथळा दिला, ‘माझी कष्टाळू आई’.

स्मरणिका हातात पडल्यावर मावशी बोटानं ओळ न ओळ लावत वाचत होत्या. कुठली ओळ शोधत होत्या ते मला ठाऊक होतं. शेवटी अंक मिटून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “छान झालंय ताई. पर हे माजं न्हवं.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! मी कुणी दुष्ट बाई नाही. मी मावशींच्या घरी चहा पिते, त्यांच्या नातीला शाळेत घालायला मीच गेले होते. तरीही कात्री माझ्या हातात आली तेव्हा मी तेच केलं, जे दीडशे वर्षं चाललं आहे. छापलं, पण माझ्या पसंतीचं छापलं. म्हणूनच मी म्हणते, की चांगल्या मनाची माणसं संपादक असून भागत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं जातं, त्यांच्यातलं माणूस त्या टेबलावर बसलेलं हवं.

हे नुसतं माझं मत नाही, असं झालेलं आहे. टोनी मॉरिसन नोबेल मिळण्याआधी बरीच वर्षं, १९८३ पर्यंत, न्यूयॉर्कच्या रँडम हाऊसमध्ये संपादक होत्या. स्वतः काळ्या. त्यांनी अँजेला डेव्हिस, टोनी केड बाम्बारा, गेल जोन्स अशा काळ्या लेखिकांची पुस्तकं काढली. एक बाई टेबलाच्या पलीकडे बसली, तर इतकी दारं उघडली! आणि आपल्याकडे बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांचं बोलणं टिपून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये कुणी केलं? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी. बाहेरच्या माणसाला तो पत्ताच सापडला नसता.

मैत्रिणींनो, आपण लहान गावात राहणाऱ्या. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना आपण काय सांगणार, असं वाटेल. पण आपल्या हातात बरंच आहे. आपल्या गावच्या वाचनालयात वर्षाला नवी पुस्तकं येतात, त्यांची यादी कोण करतं ते विचारा. वाचनालयाच्या समितीत बाई आहे का? कोणत्या आळीतली आहे? या लेखात आलेल्या पुस्तकांतली दोन तरी मागून घ्या. मागणी वहीत लिहून सही करा, तोंडी सांगू नका. वाढदिवसाला कुंकवाचा करंडा देता, तसं एखादं पुस्तक द्या. दर १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती आपण बघतो, तर त्या दिवशी त्यांची एक कथा मोठ्यानं वाचा. आणि तुमच्या ओळखीत कुणी लिहीत असेल, तर तिला सांगा, की राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं पहिलं पुस्तक अजून निघालेलं नाही त्यांच्याकडून मंडळ हस्तलिखितं मागवतं. अर्ज भरायला तिला मदत करा. लिखाण मात्र सुधारायला जाऊ नका!

आम्ही काय केलं ते सांगून थांबते. या दिवाळीला मंडळाचा छोटा अंक काढायचं ठरलं. या वेळी निवड करायला तिघीजणी नेमल्या. शेजारच्या भाभी, कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि मावशी. मला त्यात घेतलेलं नाही. मीच तसं सुचवलं होतं, तरी खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. सवय असते ना! मावशींचा लेख या वेळी पहिल्या पानावर आहे, ‘वाख’ आणि ‘न्हवं’सकट, त्या वाक्यासकट. एका सभासद बाईंनी कुरकुर केली. भाभींनी त्यांना शांतपणे सांगितलं, की तुम्हीही उत्तर लिहून द्या, तेही छापू.

मीही लेख दिला होता. मंडळाच्या वाटचालीवर, आठ पानं. गेल्या गुरुवारी मावशींनी तो परत आणून माझ्या मांडीवर ठेवला.

“लई लांबड लावलंय ताई,” त्या म्हणाल्या. “निम्मं काढा.”

मी घरी येऊन वाचलं. निम्मं काढण्यासारखंच होतं. काढलं.